पायाळूची लाथ

माझे अक्षर गिचमिड आहे आणि ऱ्हस्वदीर्घ मला चौथीतसुद्धा जमले नव्हते. हे पान कोणाच्या हाती पडलेच तर त्याबद्दल माफी असावी. माफी एवढ्याचीच. पुढे जे लिहिते आहे त्याची मागणार नाही.

मी पायाळू आहे. म्हणजे आईच्या पोटातून आधी पाय बाहेर आले, मग डोके. करकंबला माहेरी ही गोष्ट घरातच ठेवली होती, कारण पायाळू माणसावर वीज येते असे सगळे मानतात आणि तशी मुलगी कोण करून घेणार? पण लग्न होऊन सोलापूरला भवानी पेठेत आले त्याच वर्षी सासूबाईंच्या कमरेत उसण भरली. त्यांचे कण्हणे मला ऐकवेना. पायाळूने तीन वेळा पाय लावला की उसण निघते असेही सगळे मानतातच. मी हळूच सांगून टाकले आणि पाय लावला. सासूबाई उठून बसल्या, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळले.

तेव्हापासून कोणाची कंबर धरली की मी लक्ष्मी आणि आभाळ गडगडले की मी अवदसा. वैशाखात वळवाची चिन्हे दिसली की शेजारणी आपली पोरे आमच्या भिंतीपासून ओढून नेत. सासूबाई मला माजघरात बसवून डोक्यावरून घोंगडी टाकत. सोलापूरचा वैशाख, वारा नाही, भिंतीला हात लावला तर चटका बसतो, आणि मी घोंगडीखाली घामाने भिजत बसलेली. मी बोलत नसे. मला बोलायची लाजच फार.

त्या दुपारी आमच्या माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, वर्षाच्या कुरडया वाळत होत्या. तीन दिवस गहू भिजवून, वाटून, चीक काढून, पहाटे उठून शिजवलेल्या. आमचे हे कापडाच्या गिरणीत पाळीला गेले होते. उन्हाने सगळी गल्ली दारे लावून पडली होती, कुत्रीसुद्धा मोरीत शिरून बसली होती. एकदम होटगीच्या बाजूने आभाळ काळे झाले आणि धुळीचा लोट आला. सासूबाईंचे गुडघे शिडी चढण्यातले नव्हते.

"ऱ्हाऊ दे गं," त्या म्हणाल्या, "कुरडया गेल्या तर गेल्या. तू वर जाऊ नगंस."

मी शिडी चढले. तीन दिवसांचे कष्ट होते माझे. कुरडयांखाली अंथरलेल्या धोतराची चार टोके धरून गाठोडे बांधत होते, तेवढ्यात पलीकडच्या अंगणातून अण्णांची बायको ओरडली. अण्णा म्हणजे आमचे शेजारी, त्यांचे धान्याचे दुकान होते.

"ए पायाळे! खाली उतर की! आमच्या घरावर ईज आणतीस व्हय?"

मी गाठोडे घेऊन उतरले, घरात आले, आणि डोळ्यांपुढे पांढरे झाले. आवाज कानाने नाही, छातीने ऐकला. अण्णांच्या अंगणातला कडुलिंब उभा चिरला होता आणि त्याच्या बुंध्याला बांधलेली म्हैस आडवी झाली होती. जळक्या सालीचा वास आमच्या चुलीपर्यंत आला.

पाऊस उघडल्यावर अण्णा ओल्या धोतरानिशी आमच्या दारात आले. मागे गल्ली.

"तुमची सून माळवदावर गेली आन् माझी म्हैस मेली. भरून द्या."

हे नुकतेच पाळीवरून आले होते, ते खाली मान घालून उभे. सासूबाई घाबरून आत गेल्या आणि डबा घेऊन आल्या. त्यात वीस रुपये होते. घराची मधली तुळई वाळवीने खाल्ली होती, ती पावसाळ्याआधी बदलायला जमवलेले. मी दाराआडून म्हणाले, "म्हैस झाडाखाली मी न्हाय बांधली." लग्नानंतर परक्या पुरुषापुढे बोललेले माझे ते पहिले वाक्य.

"अरे वा," अण्णा म्हणाले, "आता सुनाबी बोलाया लागल्या!"

गल्ली हसली. रुपये गेले.

त्या पावसाळ्यात तुळईला बाभळीचा टेकू दिला. माझ्या लेकीचा पाळणा त्या तुळईला होता, तो सोडावा लागला. माळवदाची माती भिजून जड झाली की तुळई करकरायची. मी लेकीला कुशीत घेऊन भिंतीला चिकटून पडायची आणि वर बघत राहायची. देवाला हात जोडले नाहीत. अण्णांचे ते 'अरे वा' आणि गल्लीचे हसणे आठवत राहिले.

पुढचा वैशाख आला. उकाड्याने सगळे माळवदावर निजत. एका पहाटे वळवाने गाठले. जो तो अंथरूण गुंडाळून खाली पळाला. अण्णा गादी उचलायला वाकले ते वाकलेलेच राहिले. पावसात ओरडत होते. चौघांनी धरून उतरवले. हळदीचा लेप झाला, विटेचा शेक झाला, तेल झाले. कंबर सुटेना.

मग त्यांची बायको आमच्या दारात आली. "सूनबाईला धाडा की जरा. तीन लाथा घातल्या की मोकळं हुतील."

सासूबाई माझ्याकडे बघू लागल्या. मी कुरडयांचा गहू निवडत होते, निवडतच राहिले.

"मी कशी येऊ?" मी म्हणाले. "तुमच्या घरावर ईज यील की."

"आता कुटं हाय आभाळ?"

"त्या दिवशीबी आभाळ मी आणलं नव्हतं. पाय खोटा आसंल तर लाथ कशाला? आन् पाय खरा आसंल तर त्याचे वीस रुपये आधी."

"मेल्या माणसाकडनं पैसं मागतीस व्हय गं?"

"मेले कुटं? वाकलेत नुसते."

सासूबाईंनी पदर तोंडात घातला. मला वाटले रडतात. हसत होत्या.

दुपारी अण्णा स्वतः आले, विळ्यासारखे वाकून, बायकोच्या खांद्यावर हात टाकून. उंबऱ्याशी पाच रुपये ठेवले आणि जमिनीकडे बघतच म्हणाले, "येवढंच हाय. घाल लाथ, पोरी."

मी पाच उचलले आणि पाय लावला. हळू लावला असे म्हणणार नाही. अण्णा सरळ झाले. माझ्या पायात काही आहे असे मला तेव्हाही वाटले नाही, आजही वाटत नाही. पण ते त्यांनी मानले होते, मग दोन्हीकडून मानायला हवे होते.

"ऱ्हायलेले पंधरा?" मी विचारले.

"बघू की."

त्यांची कंबर पुन्हा धरली तेव्हा मी दारात उभी राहिले आणि पाय उचलला नाही. सात आले. गौरींच्या सुमारास आणखी पाच. लाथ उधार मिळत नाही हे गल्लीला कळले. आता गल्ली त्यांना हसत होती.

शेवटचे तीन रुपये घेऊन ते आले तेव्हा ताठ चालत होते.

"कंबर तर बरी दिसती," मी म्हणाले.

"आज बरी हाय. उद्या धरली तर?" त्यांनी रुपये माझ्या हातावर ठेवले. जमिनीवर नाही, हातावर. "तुळई घाला आता."

बाहेर ढग गुरगुरत होते. सासूबाई सवयीने घोंगडी घेऊन आल्या. मी ती घडी घालून कोनाड्यात ठेवली, डबा काढला, आणि त्यांच्यासमोर मोजले. वीसच्या वीस.