गुरांच्या दवाखान्यातली जाड टायरची सायकल

गुरांच्या दवाखान्यात पेशंट बोलत नाही, म्हणून त्याच्यासोबत आलेला माणूस दोघांच्या वाटचं बोलतो! ते ऐकता ऐकता आमच्याकडे किस्से साचत जातात. औषधांचा साठा संपतो, किस्स्यांचा कधी नाही. त्यात मागच्या वर्षी दवाखान्यात एक सायकल आली आणि निम्मे किस्से तिच्याच नावावर जमा झाले.

मी कुही तालुक्यातल्या एका गावात पशुवैद्यक आहे. घर नागपूरला, महालात. रोज एसटीनं जाते-येते. दवाखान्यात आम्ही तिघंच. मी, रिटायरमेंटला आलेले पशुधन पर्यवेक्षक ठोंबरे, आणि परिचर भोजराज. भोजराज कधीच हसत नाही. त्यामुळे तो गंमत करतोय की खरं बोलतोय, हे मला सात वर्षांत कळलेलं नाही.

*

सायकल मुळात माझी नव्हे. माझ्या नवऱ्यानं, श्रीकांतनं, वजन कमी करायला मागवली होती. इलेक्ट्रिक, तगडी मोटर, चार इंच रुंद टायर, मागे लांब सीट. ज्या खोक्यातून आली, ते खोकं आमच्या बोळात वळेचना. शेजारच्या काकू गॅलरीतून म्हणाल्या, "फ्रिज घेतला का वं?"

"नाही काकू, सायकल आहे."

"एवढी? मंग सारं घरच बसणार का तिच्यावर?"

सायकलचं वजन अडतीस किलो. श्रीकांतला कमी करायचं होतं दहा. पहिल्या दिवशी तो पायडल मारून घामाघूम होऊन आला. दुसऱ्या दिवशी त्याला थ्रॉटल सापडलं. नुसती मूठ पिळली की गाडी आपोआप पळते! तिसऱ्या दिवसापासून येताना हॅण्डलला तर्री-पोह्याचं पार्सल लटकायला लागलं.

महिन्यानं काट्यावर उभा राहिला. दोन किलो वाढलेलं.

मी काही बोलायच्या आधीच गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "मला वाटून राहिलं, वजन सायकलचं कमी करायला पाहिजे होतं."

*

तिकडे गावातल्या फेऱ्यांसाठी दवाखान्यातच ठेवलेली माझी स्कूटर काळ्या मातीत दोनदा घसरली होती. म्हटलं, ही जाड चाकांची मला दे. दवाखान्यापर्यंत न्यायला ओळखीचा टेम्पो मिळाला, पण त्याला आधी कळमन्याच्या मार्केटातून माल भरायचा होता. पोती लावेपर्यंत सायकल खाली उतरवून ठेवली.

एक हमाल पोतं टाकून आला. संत्रं दाबून पाहावं तसं त्यानं टायर दाबून पाहिलं.

"मॅडम, हे किती वजन उचलते?"

"दीडशे किलो."

"दिवसभर?"

"नाही. चाळीस-पन्नास किलोमीटरनं थकते."

"अन् मंग आराम किती करते?"

"सहा तास चार्जिंगला लावावी लागते."

त्यानं दुपट्ट्यानं मान पुसली. "म्हंजे आमच्यासारखीच आहे," म्हणाला आणि पुढच्या पोत्याकडे गेला.

*

दवाखान्याची वीज सरकारी. तिच्यावर घरची सायकल चार्ज करणं मला बरं वाटेना. म्हणून संध्याकाळी बॅटरी काढायची, पिशवीत घालायची आणि एसटीनं घरी आणायची, असं सुरू केलं.

आता आमच्या भागात गुरांचा डॉक्टर हातात जड पेटी घेऊन चालला की लोकांना एकच गोष्ट सुचते. कृत्रिम रेतनाचं सामान आम्ही थंड डब्यातून नेतो, त्याला गावात 'डब्यातला बैल' म्हणतात.

पहिल्याच दिवशी कंडक्टरनं पिशवी उचलून पाहिली. "मॅडम, यात बैल आहे का?"

अख्खी बस माझ्याकडे पाहायला लागली.

"नाही हो. बॅटरी आहे. सायकलची."

"सायकलले बॅटरी?" कंडक्टर एकदा माझ्याकडे, एकदा पिशवीकडे पाहून म्हणाला, "ठीक आहे. बॅटरी तर बॅटरी."

कोणाचाच विश्वास बसला नव्हता. माझ्या शेजारी एक आजीबाई बसल्या होत्या. त्यांनी पदर आवरला, जमेल तेवढ्या खिडकीकडे सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "झाकण पक्कं लावलं आहे न वं बाई?"

*

गावात पहिले आठ दिवस लोक सायकल बघायला यायचे. गुरं आणायच्या निमित्तानं. एक म्हातारे शेतकरी बैल बांधून सायकलीभोवती दोन चकरा मारून आले. सीटवर थाप मारली. चाकं मागून पाहिली, पुढून पाहिली. मग भोजराजला म्हणाले, "किती दाती आहे गा?"

बैल घेताना माणूस आधी दात मोजतो. दोन दात म्हणजे तरणा. आठ झाले की जुळला, म्हणजे पूर्ण वयात आला. म्हाताऱ्यांनी सवयीनं विचारलं होतं.

भोजराज खाली बसला. चेन सरकवून सरकवून चक्रांचे दाते मोजले. पाच मिनिटं लागली. उठून म्हणाला, "पुढं अठ्ठेचाळीस, मागं चौदा."

बैलाला इंजेक्शन देऊन झालं, म्हाताऱ्यांनी बैल सोडला, फाटकापर्यंत गेले आणि परत आले. माझ्या टेबलाजवळ वाकून हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, वापस करून टाका. फसवलं तुमाले. आठाच्या वर दात मी जिंदगीत नाही पायले!"

*

ठोंबरेंना सायकल चालवून पाहायची होती, पण मागायची नव्हती. शेवटी एका दुपारी मीच म्हटलं, "घ्या एक राऊंड. फक्त उजवी मूठ जपून."

"मॅडम, सव्वीस वर्षं सायकलवर सर्व्हिस केली मी. मले काय शिकवता?"

आता जुन्या माणसांची सायकलवर बसायची एक पद्धत असते. डावा पाय पायडलवर, उजव्यानं तीन-चार उड्या, मग टांग टाकायची. ठोंबरेंनी दोन उड्या मारल्या आणि तोल सावरायला हॅण्डल घट्ट धरलं. उजवी मूठ पिळली गेली.

सायकल निघाली. ठोंबरे तिच्या बाजूनं एका पायावर निघाले. सोडून द्यायचं त्यांना सुचलं नाही. सरकारी माणूस हाती आलेली वस्तू सहसा सोडत नाही! फाटक, हापशी, पानठेला असं सगळं पार करत दोघं समोरच्या तणसीच्या ढिगात शिरले. धानाच्या पेंढ्याचा तो ढीग होता म्हणून बरं. बाहेर फक्त चपला दिसत होत्या.

भोजराज धावत गेला. "साहेब, लागलं का?"

आतून आवाज आला, "लागलं-बिगलं नाही. कोणी पायलं का, ते सांग!"

भोजराजनं रस्त्यावर उभं राहून इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"नाही साहेब. फक्त गावानं."

*

सर्व्हिसिंगसाठी सायकल आठवडाभर नागपूरला आणली होती. एका सकाळी चौकात ट्रॅफिक हवालदारानं हात दाखवला.

"मॅडम, गाडीची नंबर प्लेट?"

"सायकल आहे. वेग पंचविसाच्या वर जात नाही, रस्त्यावर तसा लॉकच करून ठेवते."

"हे सायकल?" त्यानं टायरवर बूट टेकवला. "याच्याहून बारीक टायर माह्या बुलेटले आहे. कार्ड दाखवा."

मी ऑफिसचं ओळखपत्र दिलं. त्यानं वाचलं, पुन्हा वाचलं आणि मला झाडाखाली नेलं. मला वाटलं, आता प्रकरण वाढलं.

"मॅडम," आवाज एकदम खाली आला, "घरचा कुत्रा दोन दिवसांपासून जेवून नाही राहिला. टायगर नाव आहे. नुसता पडून राहते. घरात कोणी नीट जेवलं नाही."

मी विचारलं, हिरड्या कशा दिसतात? गोचिड आहेत का? ताप? तो सगळं सांगत गेला. फोनमधले फोटो दाखवले. पाठीमागून ट्रिपल सीटवाले दोन, सिग्नल तोडणारे तिघं, सगळे आनंदानं निघून गेले. मी तपासण्या लिहून दिल्या, आजच्या आज नेऊन दाखवा म्हणून बजावलं.

त्यानं चिठ्ठी घडी घालून टोपीत ठेवली आणि पुन्हा हवालदार झाला.

"चालान नाही करत. पण हेल्मेट घालत जा मॅडम. तुमाले काही झालं तर टायगरनं कोणाकडं पाहावं?"

*

ही शेवटची गोष्ट मागच्या रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांतली.

आमच्या गावापासून तीन किलोमीटरवर, धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे भातखाचरांच्या, पलीकडे, आठ-दहा घरांची एक टोली आहे. पावसाळ्यात तिथं जायला रस्ता नसतो, बांध्यांमधल्या धुऱ्यावरून, म्हणजे मातीच्या अरुंद बांधावरून, चालत जायचं. तिथं देवकाबाई राहते. सत्तरी उलटलेली, नवरा गेलेला, मूलबाळ नाही. एक म्हैस आहे. म्हैस दोन दिवसांपासून चारा खात नाही, असा टोलीतून फोन आला.

भोजराजला मागे बसवून मी निघाले. स्कूटर त्या धुऱ्यावर उभीही राहिली नसती. ही सायकल चिखल दाबत दाबत जाते. रोवणीच्या बाया कंबर सरळ करून पाहत होत्या.

म्हशीला फार काही नव्हतं, अपचन होतं. मी औषध काढता काढता देवकाबाईला विचारत होते, काय खाल्लं, रवंथ करते का. ती खांबाला टेकून बसली होती आणि उत्तरं उशिरा येत होती.

"तुम्हाला बरं नाही का बाई?"

"काही नाही वं. झोप येऊन राहिली."

सकाळचे अकरा वाजले होते. मी तिच्यासमोर बसले. तिच्या पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या आणि वर उचलता येत नव्हत्या.

"बाई, सकाळपासून काही चावलं का?"

"तणीस काढताना बोटाले टोचलं काहीतरी. काटा असंन."

बोटावर दोन बारीक खुणा होत्या. मी गुरांची डॉक्टर आहे, पण साप चावलेली गुरं मी पाहिली आहेत. ती अशीच झोपेला येतात.

शेजारची बाई म्हणाली, आधी देवळात नेऊ. भोजराज तिला म्हणाला, "आधी दवाखाना, मंग देव. देव कुठं जाऊन नाही राहिला. तू म्हशीकडं पाय." मी रुग्णवाहिकेला फोन करून डांबरी रस्त्यावर थांबायला सांगितलं. रस्ता सोडून टोलीपर्यंत ती येऊच शकत नव्हती.

पुढे मी, मधे देवकाबाई, मागे तिला धरून भोजराज. माझ्या ओढणीनं तिला माझ्या पाठीशी बांधलं. निघालो. तिनं बोलत राहावं म्हणून मी विचारत होते.

"म्हशीचं नाव काय बाई?"

"चंद्री."

"कधीपासून आहे?"

"तिची माय... माह्याकडंच..."

मधे पाण्यासाठी धुरा कापलेला होता. पुढचं चाक त्यात बसलं. भोजराज गुडघाभर चिखलात उतरला आणि खांदा लावून आम्हा दोघींसकट सायकल वर काढली. पुन्हा बसला.

"चंद्री दूध किती देते बाई?"

उत्तर आलं नाही. तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. भोजराज मागून एवढंच म्हणाला, "श्वास चालू आहे मॅडम. तुम्ही पाहू नका, चालवा." मी मूठ पिळली. त्या एवढ्याशा धुऱ्यावर किती वेगानं गेले, मला माहीत नाही. मीटरकडे पाहायची हिंमत झाली नाही.

डांबरी रस्त्यावर रुग्णवाहिका उभी होती. त्यांनी तिला आडवं केलं, ऑक्सिजन लावला. दार बंद होऊन गाडी दिसेनाशी झाली तेव्हा मला कळलं की माझ्या हातांची बोटं हॅण्डलवरून सुटत नाहीयेत. भोजराजनं एकेक करून सोडवली.

तालुक्याच्या दवाखान्यात तिला वेळेवर सापाच्या विषावरची औषधं मिळाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निरोप आला, बोलायला लागली.

तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले. वॉर्डाच्या दारात सिस्टरनं अडवलं.

"भेटायची वेळ संपली. तुम्ही कोण?"

"मी डॉक्टर आहे."

"कोणत्या दवाखान्यातल्या?"

"गुरांच्या."

सिस्टरनं मला खालून वर पाहिलं. "आता फक्त नातेवाईकाला सोडतो आम्ही."

शेवटच्या खाटेवरून देवकाबाईचा खणखणीत आवाज आला, "येऊ द्या वं तिले! नातेवाईकच आहे माही!"

सिस्टर कमरेवर हात ठेवून तिकडे वळली. "अस्सं? कोणाकडून? माहेरकडून का सासरकडून?"

देवकाबाई क्षणभरही थांबली नाही.

"म्हशीकडून!"