येसूआत्याची दहा पावलं

दहा पावलं सरळ चालून दाखवली म्हणजे माणूस धडधाकट झाला का? सांगा ना. तुमच्या आईला दारापासून चुलीपर्यंत चालवाल आणि तेवढ्यावर तिच्या हाडांचा निकाल लावाल? नाही ना? मग आमच्या येसूआत्याचा निकाल असा का लावला?

येसूआत्या म्हणजे शेणव्याजवळच्या आमच्या पाड्यावरची येसूबाई. माहेर मुरबाडकडचं, वय चौसष्टच्या आसपास. आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, बायकांची ओळ चिखलात उतरते तेव्हा पहिली मूठ तिची. मागच्या बायका तिच्या हाताकडे बघून वेग धरतात. गाणं ती उचलते आणि शिव्याही तीच देते. आवणी बघायची तर येसूबाईची, असं आसपासच्या चार गावांत बोलतात.

तिचा उजवा घोटा मोडला त्याला आता तेहतीस वर्षं झाली. डोक्यावर भारा घेऊन बांधावरून उतरताना पाय गेला. शहापूरला प्लास्टर घातलं. दीड महिना पाय टेकवायचा नाही, असं बजावलं. एकविसाव्या दिवशी शेतमालक राघोशेठचा निरोप आला, "रोपं पिवळी पडतायत. येसूबाई नाय तर ओळ कोण लावणार?" तिने प्लास्टरवर तांब्याभर पाणी ओतलं, विळ्याने ते कापून काढलं आणि चिखलात उतरली.

अडाणी बाई, असं म्हणू नका. घरात तीन पोरं होती. आणि निरोप धाडणारा तर मॅट्रिक पास होता. तिचा पाय प्लास्टरमध्ये आहे हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं.

तेव्हापासून घोटा दुखतोच आहे. पण येसूआत्याला लंगडताना कुणी बघितलं नाही, कारण तिने बघू दिलं नाही. आमच्याकडे एक न लिहिलेला कायदा आहे. आवणीत जी बाई लंगडताना दिसते, तिला दुसऱ्या दिवशी बोलावणं येत नाही. म्हणून माणसं समोर असली की ही दातावर दात आवळून पाय सरळ टाकायची. वाट रिकामी झाली की बांधावर बसून घोटा दाबायची. मी तिच्या घरापासून तिसऱ्या घरात राहते, आणि मलाही दोन वर्षांपूर्वीच कळलं. एका सकाळी मागच्या दाराने गेले, तर ती अंगणात गुडघ्यांवर रांगत चुलीसाठी काटक्या गोळा करत होती.

"काय बघतेस गो रत्ने? सारवतेय."

"सारवायला शेण लागतं आत्या. कुठंय?"

"संपलं," ती बोलली आणि तोंड फिरवलं.

गुडघा बदलतात, खुबा बदलतात, हे गावात आता सगळ्यांना ठाऊक आहे. घोटाही बदलतात हे मला ठाऊक नव्हतं. मी नववी नापास. मोबाईलवर शोधून वाचलं. जे कळलं नाही ते तीन डॉक्टरांना जाऊन विचारलं. दोघांनी हाकललं, तिसऱ्याने समजावलं. मग एक्स-रे काढला आणि आत्याची सून संध्या आणि मी तिला घेऊन मुरबाडला एका संस्थेच्या शिबिराला गेलो. सांधे बदलून देणारी संस्था, खर्च तीच करते, आपण फक्त तिच्या यादीत बसायचं.

येसूआत्या नवं लुगडं नेसून आली होती. मंगल कार्यालयाची गुळगुळीत फरशी, समोर चाळीस माणसं, त्यातली निम्मी तिच्या माहेरची. डॉक्टर बोलले, "आजी, जरा चालून दाखवा."

तिने पदर खोचला आणि दहा पावलं अशी चालली, जशी लेकाच्या लग्नात वरमाय. वर विचारते, "बस का? अजून चालू?"

"वा आजी! आमच्यापेक्षा बऱ्या आहात तुम्ही." डॉक्टर हसले, लोक हसले. कागदावर लिहिलं: चालणे व्यवस्थित, शस्त्रक्रियेची गरज नाही, गोळ्या द्याव्यात.

एक्स-रेचं पाकीट संध्याच्या हातात तसंच. उघडलंसुद्धा नाही.

"पाकीट उघडा," मी बोलले.

"मॅडम, रांग मोठी आहे."

"रांग मोठी झाली म्हणून डोळे मिटून तपासणार काय?"

दोन स्वयंसेवकांनी मला बाहेर काढलं. काढू देत, मोर्च्यांमुळे मला सवय आहे. पण बाहेर आल्यावर येसूआत्या एका टेम्पोच्या सावलीत धपकन बसली. घोटा दोन्ही हातांत धरला, आणि ओठ पांढरे पडलेले. मी माझा राग तिच्यावर काढला. "अगो, जरा लंगडली असतीस तर काय बिघडलं असतं?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, की माझी मान खाली गेली.

"लंगडून दाखवू? चाळीस माणसांत? मोर्च्यात कोण वरडत होती गो, कुणासमोर वाकायचं नाय म्हणून? आमी काय फक्त घोषणा द्यायला होतो?"

ती घोषणा माझी होती. पण तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात घण घालतो आहे. पैसेवाल्याचा सांधा मशीनमध्ये घालून बघतात. आमच्या बाईने मात्र तिचं दुखणं बाजारातल्या कोंबडीसारखं उलटंपालटं करून दाखवायचं, रडायचं, कण्हायचं, तेव्हा ते खरं. न रडता तेहतीस वर्षं सोसलं, तर ते खोटं. हा कुठला न्याय?

तीन अर्ज केले. दोन गायब झाले, तिसरा मी पोच घेऊन दिला. तेव्हा कुठे आसनगावला फेरतपासणी मिळाली. या वेळी डॉक्टरीणबाई होत्या. त्याही बोलल्या, "चालून दाखवा." इकडे येसूआत्याने पदर खोचायला घेतला. ती उठायच्या आत मी तिच्या चपला उचलल्या आणि टेबलावर, कागदांवरच ठेवल्या.

"ओ बाई!" शिपाई ओरडला.

"थांबा," मी बोलले. "डॉक्टर, ह्या दोन्ही एकाच दिवशी शहापूरच्या बाजारात घेतल्यात. एकच बाई घालते. बघा."

डावी चप्पल जवळपास नव्यासारखी. उजवीची टाच बाहेरच्या बाजूने एवढी खाल्लेली, की भोकातून खालचे कागद दिसत होते. डॉक्टरीणबाईंनी ती चप्पल हातात घेतली, उलटी केली, परत सुलटी केली. मग हात पुढे केला. "एक्स-रे आणलाय?"

त्यांनी फोटो उजेडात धरला आणि घोट्यावर बोट ठेवलं. "आजी, हाडावर हाड घासतंय. तुम्ही चालता तरी कशा?"

"पायाने," येसूआत्या बोलली.

मग बाईंनी नीट समजावलं. एक तर सांधा जखडून टाकायचा. दुखणं थांबतं, पण घोटा हलत नाही. नाहीतर खराब सांधा काढून धातूचा बसवायचा, मध्ये प्लॅस्टिकची गादी. घोटा थोडा हलतो, चढ-उताराला बरं पडतं. पण चिखलात दिवसभर वाकायचं नाही, डोक्यावर भारा घ्यायचा नाही, नाहीतर तोही झिजेल. शेतकाम सोडणार असाल तर तुम्हाला हा चालेल. आणि नंतर दीड महिना पाय टेकवायचा नाही.

पुन्हा तोच दीड महिना.

नाव यादीत लागलं. तारीख मिळाली, जुलैचा दुसरा आठवडा. चुकली तर पुढच्या वर्षावर गेली, आणि त्या घोट्यात पुढच्या वर्षापर्यंत बदलण्याजोगं किती उरेल ते सांगता येत नाही. मी आनंदाने रिक्षात गाणं म्हणत होते. आत्या बाहेरची शेतं बघत होती.

गेल्या मंगळवारी राघोशेठचा निरोप आला. शेठ आता सत्तरीचा झाला, निरोप तोच. "येसूबाई नाय तर ओळ कोण लावणार?" पाठोपाठ आणखी दोन घरांचा आला. आत्याने संध्याला सांगून टाकलं, "आवणी होऊ दे, मग बघू." मी धावत गेले, तोंडाला येईल ते बोलले. ती ऐकून घेत राहिली. मग हळूच बोलली, "आवणीला मला नाय बोलावलं, तर मी कोण गो?"

याला माझ्याकडे घोषणा नाही.

पण हे वाचणारे तुम्ही आहात. शेणव्यापासून मुरबाडपर्यंत ज्यांची शेतं आहेत, जे स्वतःच्या आवणीला दरवर्षी तिचं नाव पहिलं घेता, ते तुम्ही. तिला पुढच्या वर्षी बोलवा. बांधावर खुर्ची टाका, गाणं उचलायला बसवा, चुकणाऱ्या पोरींना शिव्या द्यायला बसवा, मानाने बसवा. पण या जुलैत, हात जोडून सांगते, येसूबाईच्या दारी निरोप धाडू नका.