नव्या माणसाला शिकवायला लावतात तेव्हा

ज्या खेळावर मी पाच वर्षं लिहिते आहे, तो मी मैदानावर एकदाही पाहिलेला नाही. पाहायची हौसही नाही. अमेरिकेतलं फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू छातीशी कवटाळून पळायचं आणि बाकीच्यांनी अंगावर येऊन पडायचं. त्यावर कडी म्हणजे तिकडचे लोक घरबसल्या खऱ्या खेळाडूंचे स्वतःचे कागदी संघ मांडतात. खेळाडू मैदानावर जेवढा चमकेल तेवढे गुण यांच्या संघाला. याला फॅन्टसी फुटबॉल म्हणतात. या मंडळींना सल्ला देणारी एक वेबसाइट आहे, आणि तिच्यावरचा बराचसा सल्ला पिंपरी स्टेशनपासून दहा मिनिटांच्या अंतरावर, कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर बसून आम्ही आठ जण लिहितो. हे मी सासूबाईंना दोनदा समजावून सांगितलं. "म्हणजे सट्टाच की गं," त्या म्हणाल्या. मग मी नाद सोडला.

हंगाम नसला की काम कमी असेल असं कुणालाही वाटेल, पण तसं नसतं. सामने नसतात म्हणून लोक प्रशिक्षकाच्या बोलण्यावर दिवस काढतात. मुख्य प्रशिक्षक उन्हाळ्यात पत्रकारांसमोर येतो, अर्धा तास काहीही न सांगता बोलतो, आणि त्यातून यंदा कोण खेळणार, कोण बाकावर बसणार, हे आम्ही शोधून काढायचं. रेकॉर्डिंग येऊन पडलेलं असतं. सकाळी आठला हेडफोन चढवायचा आणि दोनच्या आत मजकूर द्यायचा. मला हे काम चांगलं जमतं. गोड बोलणाऱ्या साहेब लोकांची मला जन्माची चीड आहे, आणि तीच चीड तिथे उपयोगी पडते.

त्या गुरुवारी असाच एक प्रशिक्षक माझ्या वाट्याला आला होता. त्याच्या संघात चेंडू घेऊन पळणारा एक जुना, भरवशाचा खेळाडू होता आणि यंदा त्याच जागेसाठी एक नवा घेतला होता. पत्रकारांनी विचारलं, जुन्याचं काय? प्रशिक्षक प्रसन्न हसला. म्हणाला, तो तर कमाल माणूस आहे, नव्याला हाताला धरून सगळं शिकवतोय, बैठकीत त्याच्या शेजारी बसतो, त्याच्यासारखं दुसऱ्या कुणाला जमलंच नसतं.

आमच्या टीम लीडने ते माझ्याआधी ऐकलं होतं. तो माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "जुन्याची जागा पक्की दिसतेय. लीडर म्हणून बघतायत त्याला. वर घे त्याला यादीत."

"तो गेला," मी म्हणाले.

"कुठे गेला?"

"अजून गेला नाहीये. जाणार आहे. शिकवणं संपलं की काढतील."

"अगं, एवढं कौतुक केलंय त्याचं!"

"म्हणूनच."

तो कोथरूडचा, वडील बँकेत होते. त्याला हे कसं ठाऊक असणार? मी राहते संत तुकाराम नगरात, आणि आमच्या जिन्यातली निम्मी घरं चाकणच्या कंपन्यांवर चालतात. तिथे कंत्राटी माणसाला सात महिने भरत आले की ब्रेक देतात, म्हणजे कामावरून थांबवतात, नाहीतर त्याला कायम करायची वेळ येईल. 'थांब' असं तोंडाने कुणी सांगत नाही. एक दिवस तुमच्या मशीनपाशी एक नवा माणूस आणून उभा करतात आणि म्हणतात, याला जरा तयार कर, तुझ्यासारखं कुणाला जमायचं नाही. माणूस खूश होतो. जीव ओतून शिकवतो. आणि नवा तयार झाला त्या शनिवारी त्याचं गेटपासचं कार्ड चालेनासं होतं. आमच्या जिन्यात तीन घरांत हे झालेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

टीम लीड म्हणाला, "तुला हवं तसं लिही, पण चुकलं तर क्लायंटला उत्तर तू द्यायचं." मी तावातावाने लिहायला बसले. जुन्या खेळाडूला संघात घेऊ नका. प्रशिक्षक ज्याच्या शिकवण्याचं कौतुक करतो, त्याच्या खेळण्याबद्दल चकार शब्द काढत नाही, हे लक्षात घ्या. त्याला शिकवायला लावलं आहे याचा अर्थ...

इथे माझे हात थांबले.

आदल्या संध्याकाळी नवरा कामावरून आला होता तो खुशीत. तोही चाकणच्याच एका कंपनीत प्रेस मशीनवर, कंत्राटी. पत्र्याचे भाग ठोकून काढणारं अवजड मशीन. चप्पल काढता काढताच म्हणाला, "सोमवारपासून साहेबांनी नवीन माणूस दिलाय शिकवायला. म्हणाले, तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही. यावेळी कायम करायला तुझं नाव वर पाठवतो." मी हरखले. सासरे पिंपरीतल्या कंपनीत कायम होते, तीस वर्षं ताठ मानेने जगले, आणि मुलगा दर सात महिन्यांनी घरी बसतो हे त्यांना खुपायचं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. याच आठवड्यात नवऱ्याच्या मामेभावाने त्याच्यासाठी तळेगावला एका कंपनीत शब्द टाकला होता. कंत्राटदार मधे नाही, कंपनीची थेट नोकरी. पण शुक्रवारी सकाळी हजर व्हायचं आणि होकार गुरुवारी चारच्या आत कळवायचा. आणि मी, हो मीच, म्हणाले होते, "आता तळेगावचं राहू द्या की. इथेच नाव लागतंय तर उगाच कशाला?"

जिन्यातल्या तीन घरांचं मला दिसलं होतं. माझ्या घरात तेच आलं तेव्हा मी गोडाचा शिरा केला.

साडेदहा वाजले होते. फोन लावला, बंद. लागणार नव्हताच, त्यांच्याकडे फोन गेटवर जमा करतात आणि पहिली पाळी साडेतीनला सुटते. कंपनीच्या ऑफिसात फोन करून काय सांगू? तुमचा डाव मला कळलाय, नवऱ्याला बाहेर पाठवा? मी पुन्हा खुर्चीत बसले. समोर स्क्रीनवर तो प्रशिक्षक तसाच हसत थांबलेला. त्याला दोन ठेवून द्याव्यात असं वाटलं. मजकुराचं अर्धं वाक्य मी कसंबसं पूर्ण केलं आणि दोन वाजायच्या खूप आधी देऊन टाकलं. आता त्यातलं काय चुकतं, काय बरोबर येतं, याच्याशी मला देणंघेणं राहिलं नव्हतं.

मामेभावाचा फोन दीडला, त्याच्या जेवणाच्या सुट्टीत लागला. म्हटलं, भाऊजी, आमचा होकार समजा.

तो गोंधळला. "अहो वहिनी, त्याने सकाळी सातच्या आतच फोन करून 'नाही' म्हणून सांगितलं की. मी दोनदा विचारलं, पक्कं ना? पक्कं म्हणाला."

"ते चुकून म्हणाले. त्यांचं नाव कमी करू नका."

"चारपर्यंत धरून ठेवतो. पण त्याचाच फोन पाहिजे, वहिनी. तुमच्या सांगण्यावर मी साहेबांना काय सांगू?"

दीड ते साडेतीन. त्या दोन तासांत मी किती वेळा घड्याळ पाहिलं असेल ते विचारू नका. टीम लीडने दुसऱ्या कुठल्या तरी प्रशिक्षकाचं रेकॉर्डिंग पाठवलं, ते मी कानाला लावून बसले आणि एक शब्द ऐकला नाही. मनात सारखं येत होतं, आपला माणूस किती भोळा आहे. कुणी पाठीवर हात ठेवला की विरघळतो. त्याच्या भोळेपणाचा राग येत होता आणि त्याला तसंच राहू दे असंही वाटत होतं. साडेतीनला मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन उभी राहिले. पहिला फोन बंद. दुसरा बंद. तीन चाळीसला रिंग गेली.

"अहो, ऐका, मधे बोलू नका," मी एका दमात सुरू झाले. "तुम्हाला काढणार आहेत. नवा माणूस त्यासाठीच दिलाय. आत्ताच्या आत्ता भाऊजींना फोन करा, चारपर्यंत थांबलेत ते. उद्यापासून तळेगावला जा."

मागे कंपनीच्या बसचा आवाज होता.

"ऐकताय ना?"

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"काढणार ते. पहिल्याच दिवशी कळलं. मला काय नवीन आहे का ते?"

"मग काल घरी ते सगळं... नाव वर पाठवणार..."

"आप्पांसमोर काय सांगू मग?" आप्पा म्हणजे माझे सासरे. "आणि तळेगावला का जात नाही म्हणून तू विचारलं असतंस."

"आत्ता विचारते. का जात नाही?"

तो हळू आवाजात बोलू लागला, बसमध्ये बाकीचे होते. नवा माणूस लातूरकडचा. मशीनवर येऊन चार दिवस झालेले. "ते जुनं प्रेस आहे. बटण बंद केलं तरी कधीकधी आपलं आपण दुसरा ठोका देतं. त्याआधी आवाज बदलतो. तो आवाज ओळखायला आठदहा दिवस लागतात. मी उद्या नाही आलो, तर त्याला एकट्याला उभं करतील. दुसरं कोणी नाही शिकवायला. त्याची बोटं जातील गं."

चार वाजायला आता पंधराच मिनिटं होती. सासऱ्यांचे डोळे होते, दर सात महिन्यांनी घरात पसरणारी ती शांतता होती, जेवायला बसल्यावर कुणीच कुणाकडे न पाहणं होतं.

"जाऊ देत त्याची बोटं," मी म्हणाले.

हे मी म्हणाले. अगदी स्पष्ट, मोठ्याने. जिन्यात वर येणारी एक बाई थबकली. त्या लातूरच्या माणसाचं मला काहीच माहीत नव्हतं आणि मला काही माहीत करून घ्यायचंही नव्हतं.

मग तो म्हणाला, "माझी करंगळी कशी गेली, तू कधी विचारलंस का?"

त्याची डावी करंगळी अर्धी आहे. लग्न ठरताना 'मशीनमध्ये गेली' एवढं सांगितलं होतं, आणि चाकणकडच्या घरांत त्यापुढे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

"ज्याने मला असल्याच एका प्रेसवर शिकवलं ना, त्याला पण माझ्यामुळेच ब्रेक मिळणार होता. त्याच्या ध्यानात आलं होतं. त्याने सगळं शिकवलं, फक्त तो आवाज नाही सांगितला. त्याच्या बायकोने सांगितलं असेल, नका सांगू म्हणून. मला त्याचा राग नाही. पण मी तसं नाही करणार."

चार वाजले. मी तिथेच पायरीवर बसून राहिले. ऑफिसात परत गेले तेव्हा टीम लीड म्हणाला, बरी आहेस ना? मी हो म्हणाले. संध्याकाळी नवरा घरी आला, आम्ही दोघांनी सासऱ्यांसमोर चहा घेतला आणि त्या विषयावर चकार शब्द काढला नाही.

पुढच्या दहा दिवसांत त्याने त्या माणसाला सगळं शिकवलं. अकराव्या दिवशी नवऱ्याला गेटवरूनच परत पाठवलं. सासऱ्यांना कळायचं ते कळलं. ते आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत. तळेगावची जागा भरून गेली होती. अडीच महिने नवरा घरी होता, मग भोसरीच्या एका लहान वर्कशॉपमध्ये लागला. तिकडे अमेरिकेत त्या जुन्या खेळाडूला हंगामाच्या तोंडावर संघातून काढलं. माझा मजकूर बरोबर ठरला म्हणून टीम लीडने सगळ्यांसमोर टाळ्या वाजवायला लावल्या. मी हसून मान हलवली, आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

दिवाळीच्या आधी एका रविवारी दारात एक माणूस उभा राहिला. नवऱ्याच्याच वयाचा, अंगाने बारीक, हातात पेढ्यांचा पुडा. त्याला मुलगी झाली होती. "वहिनी, भाऊंनी लई जीव लावून शिकवलं बघा मला," तो म्हणाला. "त्यांना ब्रेक दिला त्या दिवशी मला जेवण गेलं न्हाई." नवऱ्याने त्याला बसवलं, मशीनची चौकशी केली, अजून तसंच करतंय का म्हणून विचारलं. तो म्हणाला, मागच्या महिन्यात केलं, पण आवाज ऐकून हात मागे घेतला.

मी चहा घेऊन आले. त्याने कप दोन्ही हातांनी घेतला. मला त्याच्या तोंडाकडे पाहवलं नाही. मी त्याच्या हातांकडे पाहिलं आणि बोटं मोजली.