न दुखलेला दिवस

ये, बस आणि हे नीट वाच. फोनवर "हो मावशी, बरं मावशी" करून मला कटवतेस, म्हणून लिहून काढतेय. साखर ताब्यात आली म्हणून बीपीची आणि कोलेस्टेरॉलची गोळी तुझी तूच बंद केलीस. शहाणीच आहेस. आणि परवा हिंजवडीच्या बसमध्ये दरदरून घाम फुटला, चॉकलेट खाल्लं, बरं वाटलं, हे हसत सांगतेस. मला काही हसू आलं नाही.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी माझा कार्डिओग्राम काढला होता. डॉक्टर कागद बघतच राहिले.

"आजी, अटॅक कधी आला होता?"

"मला? अहो, कुणाचा कागद बघताय?"

"तुमचाच. येऊन गेलाय. जुना दिसतोय."

"मग मला कळला कसा नाही?"

"मधुमेहात नसा बधिर होतात. दुखेलच असं नाही."

पुढे इकोतही तेच. पडद्यावर सगळं हृदय धडधडत होतं, आणि एक कोपरा गप्प.

घरी येऊन मी तो दिवस शोधायला लागले. भाजी आणताना पिशवी एकाएकी जड झाली, तो? की हळदीकुंकवाला हात गळाले, घाम आला, साखर उतरली असेल म्हणून तिळगुळाची वडी तोंडात टाकली आणि मीटर लावून साखर बघायचा कंटाळा केला, तो? त्या संध्याकाळचा फोटो आहे. मी मधोमध, हसतेय. बघवत नाही गं तो. आत काहीतरी मरत असेल आणि मी बायकांना कुंकू लावत होते. की ज्या दिवशी काहीच झालं नाही असं आठवतं, तोच तो? आता माझे सगळे साधे दिवस वळून माझ्याकडे बघतात. बोलत कुठलाच नाही.

तुझे काका म्हणतात, "गेलं ना? आता कशाला उकरतेस?" कुणी घरात येऊन काही उचलून नेलं आणि आपण त्याला चहासुद्धा दिला असेल, हे त्यांना बोचत नाही.

तुझा घाम साखरेचाच असेलही. पण मीटर तूही लावला नाहीस. छातीत दुखायची वाट बघू नकोस. पुन्हा तसं झालं तर शेजारच्याला सांगून सरळ दवाखाना गाठ. आणि उद्या रजा टाक. दोघी जाऊन तुझा कार्डिओग्राम काढू, बंद केलेल्या गोळ्यांचं डॉक्टरांना तूच सांग, मग जेवायला इथेच थांब. लवकर ये गं.