पायांवरची अंघोळ

आमची मुलगी पाच आठवड्यांची असताना बायकोला स्टुटगार्टच्या एका इस्पितळात, मनाच्या आजारांच्या विभागात दाखल करावं लागलं. ती झोपत नव्हती, जेवत नव्हती, बाळ रडलं की कान झाकून भिंतीकडे तोंड करायची. "मी हिची आई नाहीच. माझ्यात काहीतरी बसवायचंच राहून गेलंय," असं ती म्हणाली, त्या दिवशी घरी येणाऱ्या हेबामेनं, म्हणजे इथल्या सुईणीनं, स्वतःच डॉक्टरांना फोन लावला. बाळासकट आईला ठेवतात त्या खोल्या भरलेल्या होत्या. म्हणून बाळ माझ्याकडे राहिलं.

मी सॉफ्टवेअर तपासणारा माणूस. तान्हं मूल कधी हातात धरलं नव्हतं. एल्टर्नत्साइट, म्हणजे मूल सांभाळायची सुट्टी, घेतली होती ती बायकोच्या हाताखाली काम करायचं म्हणून. आता साहेबच रजेवर आणि सगळं ऑफिस शिपायाच्या गळ्यात! बायकोची आई आमच्या लग्नाआधीच गेली. माझ्या आईचा गुडघा नुकताच बदललेला, त्यामुळे ती पुण्याहून व्हिडिओ कॉलवरच.

"अरे, पुरुषाच्या डोक्यात हे नसतंच," आई म्हणाली. "बाईला उपजत कळतं. तुला एकेक करून सांगावं लागणार."

आणि तिनं खरंच एकेक करून सांगितलं. फोन न्हाणीघरातल्या वॉशिंग मशीनवर टेकवून मी कोरड्या टबात पाय पसरून बसायचो. पाणी कोपरानं बघायचं. तेल जिरू द्यायचं. बाळाला नडग्यांवर घ्यायचं, कपाळावर हाताचा आडोसा धरायचा, मग पाणी सोडायचं. पहिले कित्येक दिवस मुलगी किंचाळायची आणि मी टबात बसून रडायचो. ती थकून झोपली की एका हातानं फोनवर वाचत बसायचो, बाईचा मेंदू आणि पुरुषाचा मेंदू खरंच वेगळा असतो का. कुणी म्हणे असतो, कुणी म्हणे नसतो, कुणी म्हणे वागायला आपणच शिकवतो. बाळ उठलं की सगळंच बाजूला पडायचं.

मग हळूहळू मला जमायला लागलं, आणि खरं संकट तिथून सुरू झालं.

मी मुलीला घेऊन एस-बाननं, म्हणजे इथल्या लोकलनं, इस्पितळात जायचो. बायकोच्या हातात ती ताठ व्हायची, रडायची. माझ्याकडे घेतली की गप्प. डॉक्टर सांगत होते की हा आजार आहे, उतरेल. बायको मान हलवायची, पण तिचा विश्वास बसत नव्हता. एकदा ती मला म्हणाली, "तू पुरुष असून तुला जमतं. मग माझं डोकं कसलं, बाईचं तरी आहे का? मी नसलेलीच बरी तुम्हा दोघांना."

मी हादरलो. हे डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी तिच्यावर जास्त लक्ष ठेवलं, पण माझी भीती जाईना. पुढच्या भेटीपासून मी मुद्दाम चुका करायला लागलो. लंगोट उलटा लावायचो, बाटली सांडायचो. तिनं दोनदा बघितलं.

"नाटक नको करूस," ती शांतपणे म्हणाली.

पुढे तिला रविवारी काही तास घरी यायची परवानगी मिळाली. पहिल्याच रविवारी ती न्हाणीघरात स्टुलावर कोट न काढताच बसली. मी टबात. अंघोळ झाली, मुलीला टॉवेलात गुंडाळून मी नडग्यांवरच ठेवलं, आणि ती डोळे मिटून निवांत पडली. तेवढ्यात आईचा फोन आला. मी तो नेहमीसारखा मशीनवर टेकवला. वाफेनं फोनची काच धुरकटलेली. आईला दिसलं ते टॉवेलातलं बाळ आणि त्याच्याखाली पावलं, एवढंच. सून घरी येणार हे तिला ठाऊक होतं.

"बघितलंस!" आई आनंदानं ओरडली. "आईच्या पायांवर आली आणि कशी शांत झाली! तुला सांगत होते ना, बाईला शिकवावं लागत नाही."

'ते पाय माझे आहेत' म्हणावं तर बायको तिथेच कोसळेल, न म्हणावं तर ती ऐकतच होती.

बायको उठून फोनसमोर आली.

"आई, ते पाय ह्याचे आहेत," ती म्हणाली. "ह्याला तुम्ही एकेक करून शिकवलंत. मला येतं का, ते मला कुणी विचारलंच नाही."

बायको परत निघायला कोटाची बटणं लावू लागली. मुलगी माझ्या पायांवर शांत झोपली होती, आणि तिला घेऊन कुठे लपू, असं मला झालं.