पोस्टमास्तरांच्या फाटकाचं ग्रीस

ग्रीसवर जशी धूळ बसते, तसे गॅरेजवाल्याच्या डोक्यात किस्से बसतात. पुसायला जावं तर आणखी पसरतात! महाराष्ट्र नुकताच झाला होता, तेव्हा मी अकोल्याच्या एका गॅरेजात शामराव मिस्त्रींच्या हाताखाली होतो. शाळेत चार बुकं शिकलो, पाचवं मिस्त्रींनी ट्रकखाली शिकवलं.

*

पुढचं चाक ज्या खुंट्यावर वळतं, ती किंगपिन. ती झिजली की चाक डुलतं. वरूडहून संत्री भरून आलेला ड्रायव्हर लाडात म्हणाला, "माही गाडी पाळण्यावानी डोलते!"

मिस्त्री म्हणाले, "किंगपिन झिजली बाप्पा. नवी टाकतो."

"राहू द्या ना! मंग दुपारची झोप कशी लागन?"

*

चाक वर-खाली धरून हलवायचं. खटखट आली तर किंगपिन ढिली. एकदा आमचे लठ्ठ शेठ खुर्चीत घोरत होते. मी त्यांचा खांदा नि गुडघा धरून हळूच हलवलं.

"काय करून राहिला बे?"

"किंगपिन पाहून राहिलो, शेठ. खटखट नाही, पन ओव्हरलोड आहे!"

*

कुरकुरणारं काहीही दिसलं की मिस्त्री ग्रीस लावायचे. बैलगाडी असो, रहाट असो! फक्त समोरच्या पोस्टमास्तरांचं फाटक सोडून. त्यांची मुलगी सुमन शाळेत शिकवायला निघाली की बिजागरी 'कुंईऽऽ' करायची आणि मिस्त्री ट्रकखालून डोकं काढायचे. बोलणं कधीच नाही. ती गेली की जिनिंग गिरणीतून उडत आलेला कापूस उन्हात तरंगताना बघत बसायचे.

"काहून मिस्त्री, जागे आहा ना?"

"गप बे. परत येताना वाजन."

*

मग पोस्टमास्तरच आले. "मिस्त्री, सुमनले पाहाले पाहुणे येऊन राहिले. ते फाटक लय कुरकुरते. ग्रीस लावून द्या."

मिस्त्रींनी आपल्याच हातानं लावलं. फाटक मुकं झालं. सुमन कधी गेली, कधी आली, पत्ता नाही. मिस्त्री ट्रकखाली नुसते पडून!

दोन दिवसांनी सकाळी 'कुंईऽऽ!' पहिल्यापेक्षा मोठं! पोस्टमास्तर रस्त्यावरूनच ओरडले, "तुमच्या ग्रीसले काही दमच नाही!"

मी ग्रीसचा डबा घेऊन मिस्त्रींच्या मागं गेलो. बिजागरी पुसून लख्ख, वरून राख भरलेली. तेवढ्यात सुमननं मिस्त्रींपुढं पाण्याचा लोटा धरला. तिची बोटं काळीकुट्ट!

"आता तरी टिकन ना?" पोस्टमास्तर.

मिस्त्री त्या बोटांकडे बघत म्हणाले, "भरवसा नाही, साहेब. रोज येऊन पाहा लागन."

सुमन म्हणाली, "मंग तवरिक पाहुण्यांले थांबवा, बाबा!"