मागचे उंच टायर
नव्या रबराचा वास आला की मला रायपूर छत्तीसगढची राजधानी होऊन थोडीच वर्षं झाली होती, तेव्हाची ती दुपार आठवते. दुसऱ्या दिवशी गावाबाहेर, तेलीबांधा तलावापुढच्या मुरमाड मैदानावर शर्यत होती. दादानं त्यासाठी मोटरसायकलसारखी हँडल धरून चालवायची एक जुनी तीनचाकी स्पोर्ट गाडी दुरुस्त केली होती आणि चालवणार मी होते. वेग वाढावा म्हणून त्यानं मागे नवे, उंच टायर चढवले. "दादा, वळणावर पलटी होईल न," मी म्हटलं. "तुले काहून एवढी भीती वाटून राहिली? हे पाय, मी चालवून दाखवतो," म्हणत तो स्वतःच बसला. पहिल्याच वळणावर आतलं मागचं चाक जमिनीवरून उचललं. दादा सीटवरून अर्धा बाहेर झुकला, तरी गाडी तशीच तिरपी धावत राहिली. शेवटी चाक धपकन खाली टेकलं. दादा उतरला तेव्हा घामानं भिजला होता. "याच्यावर मी तुले बसवून राहिलो होतो," तो हळूच म्हणाला. मी पाना घेऊन नट सोडले आणि आम्ही जुने बुटके टायर लावले. शर्यतीत मी सगळ्यात शेवटी पोहोचले, तरी शेवटच्या रेषेपलीकडे उभा दादा जोरजोरात टाळ्या वाजवत होता. तेव्हा मला त्याचा राग आला होता. त्या टाळ्या मला आता कळतात.